आल्टोच्या रांगेतून, सरांना

प्रिय सर,

सप्रेम नमस्कार.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा पवित्र गुरुवार जवळ आला की तुमची आठवण येतेच. तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून तर जास्तच. यंदा ती मनात ठेवायची नाही असं ठरवलं, आणि वसईतल्या आपल्या कॉयरमधल्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातल्या, सगळ्यांनी वाचावं म्हणून हे पत्र उघडंच लिहितेय.

बाबा गेल्यावर मी सात महिने कॉयरला आले नव्हते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, गाणं सुरू झालं की गळा दाटून यायचा. घरी येणारा प्रत्येक जण समजूत घालायचा. उपवासकाळाच्या सुरुवातीला तुम्ही आलात, चहा घेतलात आणि निघताना टेबलावर झेरॉक्सची काही पानं ठेवलीत. मोरिस द्युरुफ्ले या फ्रेंच संगीतकाराचं ‘उबी कारितास’, पवित्र गुरुवारी गायचं लॅटिन गीत. म्हणालात, “सुरुवात आल्टोंची आहे. सोप्रानो थांबणार. तू नसलीस तर कसं जमेल?”

सोप्रानो म्हणजे बायकांचा वरचा आवाज, आल्टो खालचा. आल्टोच्या हाती सुरुवातीची चाल येणं म्हणजे काय, ते आल्टोलाच ठाऊक. चाल सोप्रानोंची आणि खालचे स्वर भरायचे आम्ही, यातच आमची वर्षं जातात. इथे मात्र ती जुनी ग्रेगोरियन चाल, चर्चच्या प्राचीन लॅटिन गायनातली, आधी आमच्या गळ्यातून, खालच्या पट्टीत उमटते: जिथे प्रेम आहे, तिथे देव आहे.

तालमीला आले तर पानावर तुमच्या पेन्सिलीचे आकडे होते, दोन आणि तीन. टाळी वाजवून मोजायला लागलो की तुम्ही थांबवायचात. “मात्रा मोजू नका, शब्द बोला,” म्हणत पेटीच्या लाकडावर बोटानं दोन-तीन, तीन-दोन असं वाजवून दाखवायचात. ग्रेगोरियन गायनाला ठरावीक ठोका नसतो, लॅटिन शब्द जसा चालेल तसा सूर चालतो. द्युरुफ्लेनं ती मोकळी चाल चार आवाजांत बसवली, पण तिला ठोक्याला बांधलं नाही. म्हणून तर त्याच्या पानावर ताल सारखा बदलतो. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारणीचा ऐकून मग आपला घ्यायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. त्या दिवशी माझा श्वास तुटला तेव्हा शेजारणीनं सूर धरून ठेवला होता. मी परत आले ती त्या क्षणी.

चहाच्या सुट्टीत तुम्ही द्युरुफ्लेच्या गोष्टी सांगायचात. जन्म १९०२चा, फ्रान्समधल्या लुव्हिए गावचा. दहाव्या वर्षी आईवडिलांनी रुआंच्या कॅथेड्रलच्या गायनशाळेत ठेवलं. घर सुटल्याचं त्या मुलाला फार लागलं, आणि तिथेच ग्रेगोरियन गायन त्याच्या अंगात भिनलं, ते जन्मभर. पुढे पॅरिसच्या सेंट एतिएन द्यु माँ चर्चचा ऑर्गन त्यानं दशकानुदशकं सांभाळला. लिहिलं मात्र अगदी थोडं. छापलेल्या कृतींचे क्रमांक १४ वरच थांबतात, कारण लिहिलेलं तो पुन्हापुन्हा तपासत राहायचा. आमचं ‘उबी कारितास’ १९६०च्या चार मोटेटांपैकी, म्हणजे छोट्या लॅटिन धर्मगीतांपैकी, पहिलं. काही वर्षांतच चर्चमध्ये लोकभाषा आली आणि ग्रेगोरियन गायन मागे पडलं, त्याचं त्याला अतिशय दुःख झालं. मला स्वतःला मराठी मिस्सा हवीच, माझी प्रार्थना मराठीतच होते. पण त्याचं दुःखही खरं होतं, हे ते सूर गाताना कळतं. १९७५च्या मोटार अपघातानंतर तो जवळजवळ घरातच अडकला आणि १९८६मध्ये गेला.

मी कॉयरला परतले त्या वर्षीची २ नोव्हेंबरची, मृतांच्या स्मरणदिनाची, संध्याकाळही मी विसरलेले नाही. दफनभूमीत बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून निघाले, तर तुम्ही फाटकापाशी उभे होतात. घरी नेऊन द्युरुफ्लेचं ‘रेक्वियेम’, मृतांसाठीच्या मिस्साचं संगीत, ऐकवलंत. त्यानं ते वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलंय, आणि १९४७मध्ये रेडिओवरून ते पहिल्यांदा ऐकवलं गेलं तेही याच तारखेला, हे तुम्ही ऐकून झाल्यावर सांगितलंत. न्यायाच्या दिवसाचं भय घालणारं लांबलचक गीत त्यात त्यानं घेतलेलं नाही. शेवटी देवदूत मृताला नंदनवनात नेतात आणि अखेरचा स्वरमेळ पूर्ण विसावतच नाही, हवेत तरंगत राहतो. बाबा गेल्यानंतर त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मनमोकळी रडले. काकूंनी नुसता पाण्याचा पेला आणून ठेवला. तुम्ही दोघांनी मला गप्प केलं नाहीत, याचे आभार कसे मानू?

यंदा आल्टोत एक नववीतली मुलगी आलीय. तिला तुमच्या त्याच पानाची झेरॉक्स दिली, पेन्सिलीचे आकडे त्यातही उमटलेत. “हे कोणी लिहिलंय?” तिनं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

गुरुवारी जमलं तर या, सर. ‘आमेन’नंतर तुम्ही हात लगेच खाली आणायचा नाहीत. आम्ही अजून तसेच थांबतो.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली आल्टो