1 मे चा खाडा भरून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी आणून दिलं असतं तर तुम्ही ते घडी घालून कपाटात ठेवलं असतं आणि कुणाला दाखवलं नसतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्ही तसं बजावलंय. भिवंडीच्या गोदामांत काम करणाऱ्या पुष्कळ जणांना ते नाव न लिहिताही कळेल.

या वेळच्या पगारात 1 मे चा दिवस भरून आला. मागचा कापलेलाही आला. स्लिपवर त्या तारखेपुढे ‘खाडा’ असायचं, तिथे आता ‘भरपगारी सुट्टी’ छापलंय. पॅकिंगच्या टेबलावर ती स्लिप या हातातून त्या हातात फिरली, रात्रपाळीच्या मुलींनी मोबाईलवर फोटो काढून घेतले. एका दिवसाच्या पगाराचं एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी कधी ठेकेदाराकडे रोजावर काम केलेलं नाही.

आमच्याकडे 1 मे ला गेट बंद असतं. कंपनीच्या कायम लोकांना सुट्टी आणि आम्हाला खाडा, अशी वर्षानुवर्षांची रीत. मुकादमाला विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: काम नाही तर दाम नाही. राज्याचा स्थापना दिवस त्याच तारखेला, कामगारांचा दिवसही त्याच तारखेला, आणि त्याच तारखेला कामगाराच्या खिशाला कात्री. हे आम्हाला दिसत होतं. ज्यांना दिसायला हवं होतं ते दुसऱ्याच कामात होते.

त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय तुमच्याबद्दल लिहिता येणार नाही. गेटवर दोन युनियन, दोघींच्या पाठीशी दोन पक्ष. एकीला बॅनरवर ‘कामगार दिन चिरायू होवो’ हवं, दुसरीला ‘महाराष्ट्र दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि वर साहेबांचा फोटो. कमानीच्या कुठल्या खांबावर कुणाचा झेंडा, यावरून ढकलाढकली झाली, पोलिसांची गाडी आली. दोन्ही बॅनर उतरले आणि युनियनवाल्यांमुळे वातावरण बिघडतं, असं सांगायला मॅनेजमेंट मोकळी झाली. कापलेल्या पगाराचा शब्द त्या भांडणात एकदाही निघाला नाही. त्याआधी एका पुढाऱ्याने आमच्या सह्या घेतल्या होत्या, त्याही कोऱ्या कागदावर. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, “ताई, आमच्यावर विश्वास नाही का?” पुढे कळलं, त्या सह्या जोडून निवेदन दिलं गेलं होतं की समोरच्या चौकाला त्यांच्या नेत्याचं नाव द्यावं. महिला कामगारांची मागणी म्हणून.

अशा सगळ्यानंतर तुम्ही आलात. आमच्यातल्या एकीचे शेजारी, निवृत्त गिरणी कामगार, एवढीच ओळख. आम्ही फार आशेने आलो नव्हतो, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार.

तुम्ही अर्ज घरून लिहून आणला होता. फुलस्केप कागद, निळी शाई, गोल सुबक अक्षर. शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीमागे तो आम्हाला वाचून दाखवलात. पहिलाच परिच्छेद मोठा होता. 1886 मध्ये शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी केलेला संप, मग 1923 मध्ये सिंगारवेलू चेट्टियार यांनी मद्रासमध्ये देशातला पहिला मे दिन साजरा केला तो, आणि लाल बावटा. वाचताना तुमचा आवाज बदलला होता. आम्ही सगळ्या गप्प. मग आमच्या लेबलिंगच्या ताईने धीर करून म्हटलं, “काका, लिहिलंय छान. पण यावर सही केली तर घरी विचारतील, तू लाल झेंड्यात कधी गेलीस?” तिचे दीर दुसऱ्या पक्षाच्या शाखेत आहेत.

मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. एवढं समजत नाही का, म्हणून आम्हालाच चार गोष्टी सुनावणार. त्याआधी प्रत्येकाने तेच केलं होतं. तुम्ही चष्मा वर सरकवलात आणि तिला विचारलंत, “मग काय ठेवायचं?”

ती म्हणाली, “1 मे चा पगार कापू नये. एवढंच.”

तुम्ही माझा डबा मागून घेतलात, त्याचं झाकण कागदावर पट्टीसारखं धरलंत आणि तो अख्खा परिच्छेद एका सरळ रेघेनं खोडलात. समासात बारीक सही केलीत. म्हणालात, “कागद तुमचा आहे.” मग खाली तिचं वाक्य तिने उच्चारलं तसंच लिहिलंत. लोडिंगची पोरं उशिरा आली, तर त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाचलंत. सही करण्याआधी प्रत्येकीला “हे तुमचंच म्हणणं आहे ना?” असं विचारलंत. ज्या मावशींना वाचता येत नाही त्यांनी आपलं नाव कुठे आहे ते दाखवायला सांगितलं, तेव्हा नावाखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावून दाखवलंत. मागे गर्दी होती, बस निघायची वेळ झाली होती, तरी तुम्ही घाई केली नाही.

काका, पगार मिळाला त्याचे आभार आहेतच. पण मला आयुष्यभर पुरेल ती ती रेघ. कारण तो परिच्छेद तुम्ही शोभेसाठी लिहिला नव्हता, हे आता मला माहीत आहे. तुमचे वडील लाल बावट्याचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही बदली कामगार होता, म्हणजे सकाळी गेटवर उभं राहायचं आणि काम मिळालं तर दिवस भरायचा. तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडली, पण कायद्याने मान्यता होती दुसऱ्याच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार एकीकडे आणि मान्यतेचा कागद दुसरीकडे, असं झालं की कुणाचा संसार मोडतो, हे तुम्ही सोसलेलं आहे. एवढं सोसून कमावलेली निष्ठा एका पोरीच्या अडचणीसाठी तुम्ही बाजूला ठेवलीत. तिला त्याबद्दल एका शब्दाने ऐकवलं नाहीत.

पुढचं कामगार कार्यालय, तारखा, ठेकेदाराची टाळाटाळ, हे सगळं लिहीत बसत नाही. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी एवढंच लिहिते की 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत, आणि त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. कुठल्या पक्षाचा झेंडा लावल्यावर त्या मिळतील, असं त्यात लिहिलेलं नाही. हा कायदा दोन्ही पुढाऱ्यांच्या ऑफिसात असणारच. उघडून आम्हाला दाखवला तुम्ही.

खोडलेला परिच्छेद तुम्ही नंतर आम्हाला तोंडी सांगितलात, आम्ही विचारलं तेव्हा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला 1890 चा जून उजाडला, हे मला माहीत नव्हतं. सुट्टी ही कुणीतरी भांडून मिळवलेली गोष्ट असते, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. आणि हुतात्मा चौकातल्या त्या पुतळ्याचं तुम्ही सांगितलंत, मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली, त्यात कष्टकरी किती होते. तेव्हा डांगे, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे ही वेगवेगळ्या विचारांची माणसं एका समितीत बसू शकली. आज एका गेटवर दोन बॅनर शेजारी शेजारी लागू शकत नाहीत. महाराष्ट्र दिन मोठा की कामगार दिन, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी आधी तो पुतळा नीट बघून यावा. कुणाला विश्वकर्मा जयंती हाच कामगारांचा दिवस वाटतो, तर वाटू दे. 2018 मध्ये त्रिपुरात सरकारने मे दिन सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीतून काढला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, हेही तुम्हीच सांगितलंत. वाद होणारच. पण वाद घालणाऱ्याने ज्याच्या नावाने तो घालतो त्याला एकदा विचारावं, एवढी माणुसकी मागणं जास्त आहे का?

ही माणुसकी मला आता इतर ठिकाणीही दिसते. दवाखान्यात मावशींना फॉर्म वाचून दाखवणारी नर्स, बँकेत अंगठ्याआधी रक्कम मोठ्याने सांगणारा शिपाई. त्यांचे फोटो कुठे लागत नाहीत. ती माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे दिवस निभतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गेल्या आठवड्यात गेटसमोर दोन नवे बॅनर लागले. दोन्हींवर ‘आमच्या पाठपुराव्याला यश’. मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, “लागू दे, पगार मिळाला ना?” काका, मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. ज्यांनी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या त्यांना हे श्रेय जाऊ नये. म्हणून तुमचं न ऐकता हे लिहिलं. रागावू नका.

शेजारच्या गोदामातल्या बायकांनाही 1 मे चा खाडा लागलाय. त्यांचा अर्ज मी लिहायला घेतलाय. कायद्याचं नाव बरोबर पडलंय का तेवढं बघून द्या. येत्या रविवारी टपरीमागे सगळ्यांसमोर वाचायचा आहे, सह्या त्यानंतरच घेऊ. गुडघा बरा असेल तर या.

आपली नम्र,
पॅकिंग विभागातली एक कामगार