स्पिरिट लावू नका, आणि भंगारातही देऊ नका

न्यू ऑर्लिन्स
रविवार, दुपार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

आई, आधी तुझ्या चौकशीचं. जेवण वेळेवर होतं, तब्येत बरी आहे, वस्ती चांगली आहे. परवा फोनवर मागे जो गोंगाट आला तो मारामारीचा नव्हता, बँडचा होता. "कुणाची तरी अंत्ययात्रा आहे" असं मी म्हणाले आणि पाठोपाठ तुला नाचगाणं ऐकू आलं, म्हणून तू घाबरलीस. ते खाली नीट सांगते, कारण अर्धंच ऐकून तू काकूला काय सांगितलं असशील याची मला कल्पना आहे.

पण घाईचं काम बाबांचं. बाबा, अण्णांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या वजनावर मागायला कुणी आला होता आणि तुम्ही त्या द्यायच्या आधी स्पिरिटने पुसून ठेवणार आहात, असं चिनूने कळवलं. दोन्ही करू नका. त्या तबकड्या लाखेच्या आहेत. पाव ते तिसरा हिस्सा लाख, बाकी दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. सुतार पॉलिश करायला लाखेचे पापुद्रे स्पिरिटात विरघळवतो हे तुम्ही पाहिलंय. तुमच्या फडक्याखाली खाचांचं तेच होईल. सॅनिटायझरही नको, त्यातही तेच असतं.

गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर लिटरभर घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे, नाहीतर छपाई जाते. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवून भांड्यांच्या स्टँडमध्ये उभ्या करा, सावलीत. भिजत मात्र घालू नका. ते तंतू आणि पूड पाणी पितात आणि पृष्ठभाग खराब होतो. ठेवायच्याही उभ्याच, पुस्तकांसारख्या. आडवी थप्पी केली की खालच्या तडकतात. पंचवीस तबकड्या पाच किलोच्या पुढे जातात, तेव्हा माळ्यावरची खोकी चिनूला बरोबर घेऊन उतरवा. पाठीचं ऑपरेशन टाळायचं ठरलंय ना आपलं?

बदल्यात तो पितळी कर्ण्याचा चकचकीत ग्रामोफोन देतोय म्हणे. तसले कर्णे नवे ठोकून इकडचे-तिकडचे सुटे भाग जोडतात, ती दिवाणखान्यात ठेवायची शोभेची वस्तू. आपली काळी पेटी म्हणजे एचएमव्हीचा १०२ नंबरचा ग्रामोफोन, तिला कर्णा दिसत नाही कारण तो आत दुमडलेला आहे. यंत्र म्हणून ती त्या पितळेच्या कितीतरी वरची. आवाज भणभणत असेल तर दोष बहुधा साउंडबॉक्समधल्या, म्हणजे पिन जिथे बसते त्या डबीतल्या, रबराचा असतो. पडदा ज्या रबरी कडीत बसतो ती वर्षानुवर्षांनी दगडासारखी होते आणि पडदा मोकळा थरथरत नाही. ते रबर बदलून मिळतं. गव्हर्नरच्या (वेग सारखा राखणारा भाग) टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. स्प्रिंगचा डबा मात्र उघडू नका. आतली पोलादी पट्टी सुटली तर बोटं कापते. आणि वाजवून झालं की उरलेली चावी संपेपर्यंत चालू द्या, ताणलेली ठेवू नका.

पिन दर बाजूला नवी. दर तबकडीला नव्हे, दर बाजूला. दगडाची पूड लाखेत मुद्दामच घातलेली असते, पहिल्या काही फेऱ्यांत ती पोलादी टोक घासून खाचेच्या मापाचं करते. तीन मिनिटांत त्या टोकाला धारदार कडा येतात, आणि तीच पिन पुढच्या बाजूला लावली की त्या कडा खाच तासत जातात. अण्णा काटकसरीने एका पिनेवर चार-चार बाजू वाजवत. त्यांच्या लाडक्या तबकड्याच जास्त खरखरतात त्या म्हणूनच.

वेगाचं एक. वेग तपासायला चिनूने इंटरनेटवरून रेघांची चकती छापून आणली आहे ना, तिच्यावरच्या रेघा मोजा. ९२ भरल्या तर ती इथली, ६० हर्ट्झ विजेची. आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिथे ७७ रेघांची लागते. योग्य वेग आला की फिरत्या चकतीवरच्या रेघा दिव्याखाली स्थिर दिसतात. चुकीच्या चकतीवर रेघा स्थिर दिसेपर्यंत वेग लावलात तर तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ६५ च्या आसपास फेऱ्या घेईल आणि गाणारा स्वर-दीड स्वर खाली उतरेल, बाईचा पुरुष होईल. दिवा जुना पिवळा बल्ब किंवा जुन्या चोकची ट्यूब हवी, बहुतेक एलईडीखाली रेघा नीट थांबत नाहीत.

आता आई, ती अंत्ययात्रा.

इथे कुणी वादक, किंवा इथल्या एखाद्या मंडळाचा सभासद गेला की बँड बोलावतात. आपल्याकडच्या लग्नातला नव्हे. ट्रम्पेट, ट्रोम्बोन, क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन, खांद्यावरून वेटोळं घेतलेला मोठा सूझाफोन आणि दोन वेगवेगळे ढोल. दोन ढोल दोन माणसांकडे. मोठ्या ढोलाच्या डोक्यावर एक झांज बसवलेली असते, ती बरेच जण स्क्रूड्रायव्हरने किंवा कपड्यांच्या हँगरच्या वाकवलेल्या तारेने वाजवतात. घरचे लोक, मंडळ आणि बँड ही पहिली ओळ. त्यांच्या मागून जो कुणी रस्त्यावरचा सामील होतो ती दुसरी ओळ, सेकंड लाइन. ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही.

जाताना सगळं संथ. पुढे पट्टा घातलेला मार्शल टोपी छातीशी धरून, पावलं मोजत. लहान ढोलाच्या तळाला ताणलेल्या तारा असतात, त्यांनीच त्याचा आवाज तडतडतो. त्या तारांखाली वादक रुमाल सरकवून ठेवतो, म्हणजे ढोल दबक्या आवाजात बोलतो. भजनासारखी धार्मिक गाणी अगदी विलंबित चालीत. दफन झालं, किंवा शवपेटीची गाडी एका ठिकाणी वेगळी झाली, की त्याला इथले लोक देह मोकळा केला असं म्हणतात. मग बँड थोडं अंतर चालून जातो, घरच्यांचा मान राखून. तिथे ढोलवाला रुमाल काढतो, ट्रम्पेट हाक देतो, आणि छत्र्या उघडतात. ऊन-पाऊस नसतानाही. रुमाल हवेत फिरतात, म्हाताऱ्या बायका नाचतात. रडणं आधी झालेलं असतं. गेलेल्याची सुटका झाली म्हणून हा आनंद, असं ते सांगतात.

तुला हे विचित्र वाटेल, पण अण्णांना नेलं तेव्हा टाळ-मृदंग घेऊन भजनी मंडळ पुढे होतंच. मी ते व्हिडिओवर पाहिलं. तेवढंच पाहिलं.

आणि दर खेपेला कुणी मेलेलंच असतं असं नाही, ते काकूला सांग. उन्हाळ्याचे महिने सोडले तर जवळपास दर रविवारी एखादं मंडळ अशी मिरवणूक काढतं, चारेक तासांची. बारा-तेरा वर्षांची पोरं स्वतःपेक्षा लांब ट्रोम्बोन घेऊन चालतात.

बाबा, माझं काम भंगाराचं असं म्हणून तुम्ही विचारलंत की शंभर वर्षांपूर्वीच्या या जॅझच्या गाण्यांत लोकांना अजून काय सापडतं आणि त्यासाठी पगार कोण देतं. (दुसऱ्याचं उत्तर: विद्यापीठ देतं, आणि वेळेवर देतं.) पहिल्याचं उत्तर मला या ढोलांतच दिसतं. ठेका चालण्याचा आहे, पण चार-चार मात्रांच्या दर दुसऱ्या मापाच्या चौथ्या मात्रेवर ढोल आणि झांज एकदम आपटतात. जिथे पाऊल टेकून विसावायचं तिथेच धक्का बसतो, म्हणून अंग हलतं. वर ट्रम्पेट धून सांभाळतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलबुट्टी काढतो, ट्रोम्बोन खालून घसरत जोड देतो. तिघेही एकाच वेळी आपापलं सुचवत असतात, पण तिघांना तीन जागा ठरवून दिलेल्या, त्यामुळे गर्दी होत नाही.

याच बँडांतली माणसं पुढे शिकागोकडे गेली आणि तबकडीत आली. एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून आलेला एक कर्णा, त्याच्या टोकाला मेण कोरणारी सुई. मोठा ढोल वाजला तर सुई उडे, म्हणून ढोलवाले बेबी डॉड्स यांना लाकडी ठोकळ्यांवर वाजवायला लागलं. तरुण लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटचा (ट्रम्पेटसारखंच, जरा आखूड वाद्य) आवाज इतका दांडगा की त्यांना दहा-पंधरा फूट मागे उभं केलं, असं पियानो वाजवणाऱ्या लिल हार्डिन सांगत. कोण किती मोठ्याने ऐकू येणार हे आज बटणं ठरवतात, तेव्हा पावलं ठरवत. एक चुकला की मेणाची चकती वाया, सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. १९२५ मध्ये विजेवरचा मायक्रोफोन आला आणि हळू आवाजात गाणाऱ्यांचा जमाना सुरू झाला, पण बाजू तीन मिनिटांचीच राहिली.

हिशेब करून पाहा. त्या काळचं लोकप्रिय गाणं पुष्कळदा ३२ मापांचं असे, आठ-आठची चार घरं, तिसरं घर वेगळ्या चालीचं. मध्यम द्रुत लयीत एक आवर्तन पाऊण मिनिटापेक्षा जरा जास्त घेतं. म्हणजे तीन मिनिटांत थोडी सुरुवात आणि जेमतेम तीन आवर्तनं. एवढ्यात धून सांगायची, ती मोडायची, पुन्हा जोडायची. तुम्ही अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत राहता, तुम्हाला मी काय सांगणार? त्यांनी तीन मिनिटांत राग उभा केला त्यात फापटपसाऱ्याला जागाच नव्हती. ही सक्ती कुणी मागितलेली नव्हती. पण जुनी तबकडी आजही ऐकवते ती मला तरी तिच्यामुळेच वाटते. जुन्या आठवणी काढणारे वेगळे. इथे जी विशीतली मुलं ऐकायला येतात त्यांना कसल्या आठवणी?

"आपला काय संबंध" हे म्हणू नका. लिऑन ॲबी यांचा जॅझ वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे अमेरिकन वादक. वेदरफर्ड तर १९४५ मध्ये कलकत्त्यातच वारले. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक हे सगळं ऐकत होते, त्यांच्यात बसून वाजवत होते. अल्डोन्याचे अंतोनियो वाझ म्हणजे चिक चॉकलेट, यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. तेच पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात. दाढी करताना तुम्ही पुणतांब्याच्या या माणसाच्या ज्या चाली गुणगुणता, त्यांतला बूच लावून वाजवलेला ट्रम्पेट इथल्याच रस्त्यांवरून गेलाय. आणि इथल्या तबकड्यांतली लाखही बरीचशी आपल्याकडच्या छोटा नागपूरची. युद्धात ती येईनाशी झाली तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेला तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधन घालावं लागलं.

तेव्हा माझं काम भंगाराचं नाही. १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क इथे शंभर वर्षांनी सुटतात, दर १ जानेवारीला एक वर्ष. १९२५ मध्ये बाजारात आलेली ध्वनिमुद्रणं २०२६ च्या पहिल्या दिवशी सर्वांची झाली. अशा तबकड्यांतला आवाज त्याआधी नीट उतरवून ठेवणं हे काम. करार वर्षावर्षाचा असतो हे खरं, पण इथे बहुतेकांचा तसाच असतो. कृपया यावरून पुन्हा चर्चा नको.

आता पैशाचं. या महिन्यात कर्जाचा हप्ता भरला आहे. पुढचे दोन एकत्र जानेवारीत पाठवीन, तोपर्यंत बँकेतून तुम्हाला फोन आला तर जामीनदार म्हणून तो नेहमीचाच येतो, घाबरू नका. चिनूच्या लग्नाच्या कार्यालयाची आगाऊ रक्कम मात्र मी वेगळी ठेवली आहे, त्याला हात लावलेला नाही. चिनूची तारीख माझ्यासाठी अडवू नका. "मोठीच्या आधी धाकटीचं" असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. आई, पुण्याच्या त्या स्थळाला मी अजून उत्तर दिलेलं नाही, माझ्या लक्षात आहे, आणि "नाही" असंही म्हटलेलं नाही. साखरपुड्याला येता येणार नाही. लग्नाला येईन, सहा दिवस. तिकिटं महाग आहेत म्हणून सहा, दुसरं काही कारण नाही.

तुमची,
मधू

ता. क. बाबा, तबकड्या वाजायला लागल्या की मला एक बाजू रेकॉर्ड करून पाठवा. व्हॉइस मेसेज नको, त्यात खरखर गोंगाट समजून कापतात आणि गाणंही जातं. फोनमधलं साधं रेकॉर्डर ॲप उघडा, फोन पेटीपासून हातभर लांब खुर्चीवर जाड टॉवेल घालून ठेवा, पंखा बंद करा. आईला बोलायला मना करू नका.