कुमैत घोडी घ्यावी की नको

प्रिय भावा,

फोनवरच बोललो असतो पण फोनवर मी नुसतं "लई भारी आहे रे" एवढंच म्हणत बसतो आणि तू हसतोस, म्हणून आज सगळं लिहून काढायलोय. कागलच्या पुढं एका मळ्यात घोडी बघितलीय. रंगानं कुमैत, म्हणजे अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ-शेपूट काळी, मागचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरे, कानाची टोकं एकमेकांना टेकतात, मारवाडीच रक्त. मालक म्हणतो तीन वर्षांची आहे, दीड महिन्यापूर्वी खोगिराला लावली, आता कोणीबी बसावं. सव्वा लाख सांगितलेत.

आपली म्हातारी घोडी मैना जाऊन आठ महिने झाले, तबेला मी अजून रोज झाडतो. तिचं अंग घासायचा खरारा तिथंच खुंटीला आहे, काढवत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा फोन करून गेलो, तीच चूक झाली. आम्ही पोचलो तर घोडी घामानं भिजलेली, खोगीर आधीच चढवलेलं, आणि कोकरासारखी गरीब उभी. आमच्या आधी तासभर पळवली असणार, दमलेलं जनावर कोणालाबी शहाणंच दिसतं. आबा अंगावरचे शुभ-अशुभ भोवरे शोधत बसले आणि मी तोंड उघडून बघितलं. मधली जोडी पक्की आलीय, शेजारचे दोन दात अजून दुधाचे. म्हणजे अडीच ओलांडलंय, साडेतीन झालेलं नाही, वयाचं मालक खरं बोलतोय. पण ओठांच्या कोपऱ्यात दोन्हीकडं जुन्या जखमेचे वळ आहेत रे. काटेरी लगाम लावलाय तिला, ज्याला १९६५ च्या नियमापासून बंदी आहे. दीड महिन्यात घोडी "तयार" कशी झाली ते मला तिथंच कळलं. ती तयार झालेली नाही, तोंड दुखतं म्हणून थांबते एवढंच.

दुसऱ्यांदा न सांगता सकाळी सातला गेलो. तेव्हा खरी घोडी बघितली. पुढचे पाय लगेच उचलून दिले, मागचा डावा काय केल्या देईना, हात मांडीखाली गेला की अंग चोरते. लाथ नाही मारली पण, बाजूला सरकली फक्त. मग नुसत्या दोरीवर रस्त्यापर्यंत आणली आणि नेमकी उसाची ट्रॉली आली, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, तुला माहितीय हंगामात कसं असतं. मला वाटलं आता चौखूर उधळते. जागच्या जागी थरथरत उभी राहिली, नाकपुड्या फुगवल्या, आणि ट्रॉली गेल्यावर तोंड माझ्या कोपराला लावलं. तिथनं पुढं माझं डोकं चालंना झालंय.

आता अडचण ऐक. डॉक्टर सांगतात की खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत पाहिजे. ही फार तर ३०० किलोची असेल, म्हणजे ६० किलो. मी एकटाच ८२ चा आहे, वर खोगीर. त्यात गुडघ्याची हाडं अडीच वर्षांच्या आसपास पक्की होत असली तरी पाठीच्या मणक्यांना पाच-साडेपाच वर्षं लागतात, आणि आपण बसतो ते पाठीवरच ना. घरात वजनात बसणारी एकटी चिऊ, ४४ किलोची. आणि तिनंच बसायचं नाही! ती शिकली मैनेवर, मैना म्हातारी आणि समजूतदार, पोरीनं चुकीचा लगाम ओढला तरी सांभाळून घ्यायची. इथं घोडीबी नवी आणि पोरगीबी कच्ची, दोघी एकमेकींना काय शिकवणार? मार्केट यार्डाकडचा आपला नालबंद, ज्याचा शब्द आपण कधी मोडला नाही, तो पण हेच म्हणाला. चिऊला अजून सांगितलेलं नाही. ती वहीच्या मागं नावं काढायलीय घोडीची.

घरातनं विचारतात, पुराचं काय. तो प्रश्न खरा आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं पडलेली, पाणी ५० च्या वर, आणि आम्ही चिखलीतनं रात्री बाहेर पडलो. मैनेच्या पोटाला पाणी लागत होतं, अंधार, वाहत येणारी लाकडं, आणि ती नुसत्या दोरीवर माझ्या मागनं चालत आली, एकदाबी अडली नाही. अकरा वर्षं रोज तिला हातानं चंदी, म्हणजे दाणा, घातली होती, त्या रात्री ते कामाला आलं. ह्या घोडीला लगामानं पाण्यात कोण नेईल? तोंड दुखलं तर ती मागं फिरेल आणि मला घेऊन जाईल.

म्हणून मी जे ठरवत आलोय ते असं. घ्यायची, पण आल्या दिवशी खोगीर माळ्यावर टाकायचं आणि तोंडात लोखंड घालायचंच नाही. वर्षभर नुसती मोरखीवर, म्हणजे तोंडावर बांधायच्या दोरीवर, हातानं फिरवायची, सकाळी मळ्यात, मग हळूहळू रस्त्याला, गणपतीत लांबनं ढोल ऐकवायचे, पावसाळ्याआधी नदीकडं नेऊन घोटाभर पाण्यात उभं करायचं. मागचा पाय रोज मागायचा, देईल तेव्हा देईल. चिऊनं खरारा करायचा, चारायचं, चालवायचं. चार वर्षांची झाली की मग पाठीवर कोणीतरी हलकं आणि हाताचं मऊ पाहिजे.

तो माणूस मला एकच माहितीय. तू अजून ५६ किलोचाच आहेस ना?

हे सगळं लिहिलं खरं, पण माझा जीव आधीच अडकलाय, आता माझ्या डोळ्यावर माझा विश्वास नाही. त्या मागच्या पायात दुखणं असलं आणि मला ते बघायचंच नसलं तर? तिला दगडी फरशीवर दुडकी चालवून तू कानानं ऐकावंस, टापेचा आवाज तुला कळतो तसा मला कधी कळला नाही. तू नको म्हणालास तर मी नाही घेणार, शब्द देतो. फक्त नको म्हणायचं असलं तर चिऊला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

रविवारी ये. मालकाला फोन करणार नाही, सातलाच जायचं. शनिवारच्या कुठल्या बसनं निघतोस ते कळव, कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडला घ्यायला येतो.

तुझाच,
भावा