सूचना : ऑनलाइन डॉक्टरेटचे पैसे भरण्याआधी हे वाचा

सर्व पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांचे वैद्यकीय सहाय्यक) मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता राजारामपुरीत, नेहमीच्या हॉलवर बैठक आहे. नाइट ड्युटीवाल्यांनी तसंच थेट यावं, चहा-भडंगाची सोय आहे.

विषय एकच, नोकरी सांभाळून ऑनलाइन डॉक्टरेट. परवा आपल्यातली एक जण ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडते न पडते तोच फोन, "मॅडम, आजच सीट बुक करा, उद्यापासून फी वाढणार." तिनं पहिला हप्ता भरलाही. पदवी भारतात चालेल का, असं विचारल्यापासून पलीकडचा फोन उचलला जात नाही.

तेव्हा एवढं आधीच लक्षात घ्या :

• एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या परदेशी संस्थांच्या नावावर देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीईनं (तंत्रशिक्षण परिषद) ऑक्टोबर २०२२ मध्येच तसं जाहीर केलंय.

• पार्टटाइम पीएचडी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत बसते. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागतं, कोर्सवर्क चुकत नाही आणि किमान ३ वर्षं जातात. ना-हरकत पत्रावरच बहुतेकांचं घोडं अडणार, म्हणून त्याचा मसुदा आपण बैठकीतच करू.

• अमेरिकेतली 'डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स' बरीचशी ऑनलाइन होते, पण ती तिथल्या पीएंसाठी आखलेली आहे. ती मिळाली तरी इथं वॉर्डात आपण पीए म्हणूनच राहणार.

पैसे भरले असतील तर पावती घेऊन या, लाजू नका. येणार का, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. एजंटांच्या लिंक ग्रुपवर टाकू नयेत, दिसल्या की काढल्या जातील.