सगळ्यात पातळ पुस्तक काढणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तू “काय हो काकू!” म्हणतेस आणि चपला पायात सरकवून पसार होतेस.

डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचन बंद केलं. जिला पुस्तकाशिवाय घास उतरत नाही, त्या बाईची काय गत होते ते तू पाहिलंसच. घरच्यांनी मोबाइलवर गोष्टी लावून दिल्या, पण त्यातल्या बाईंना दर वाक्याला गहिवरून येत होतं. तू मात्र कॉलेजातून आलीस, कपाटापुढे उभी राहिलीस आणि सगळ्यात पातळ म्हणून सिनेनटी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ ओढून काढलंस आणि मला वाचून दाखवायला बसलीस.

कारण काही का असेना, पुस्तक बरोब्बर हाती आलं. ते मुळात बोललेलंच आहे. हंसाबाई सांगत गेल्या, अरुण साधूंनी शब्दांकन केलं. आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, १९७० साली पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी बाई गेल्या. लिहायला बसलेला माणूस जी सावरासावर करतो ती त्यात नाही. घर, नवरा, दारू, दुसरा पुरुष, जे आठवलं ते सांगून मोकळ्या. डोळ्यांनी वाचताना ते जरा तुटक वाटतं. कानांनी ऐकताना मात्र कुणी समोर बसून बोलतंय असंच वाटत होतं.

आमच्या लहानपणी हंसाबाईंचं नाव निघालं की मोठी माणसं एकमेकांकडे बघायची. १९५९ सालचा त्यांचा ‘सांगत्ये ऐका’ याच नावाचा सिनेमा पुण्यात विजयानंदला शंभराहून जास्त आठवडे चालला. तो बघायला हीच मंडळी हौसेनं गेली, पण बाईंचा विषय घरात काढायचा नाही! ती कुजबुज माझ्या कानात इतकी मुरलेली, की आधी कधी वाचलं तेव्हाही पानापानावर तीच ऐकू यायची. तुला तर ही बाई कोण हेच ठाऊक नव्हतं. तिचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा सिनेमा तू ऐकलेलासुद्धा नाहीस. म्हणून तू सरळ वाचलंस. दारूचं पान आलं तेव्हा आवाज खाली आणला नाहीस, आणि ‘बिच्चारी’चा सूरही लावला नाहीस. यासाठी तुझे आभार, बाकीचं सगळं नंतर.

आणि मध्येच थांबून विचारलंस, “पण काकू, पैसे कोण ठेवत होतं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ती कुणाबरोबर गेली, किती प्यायची, हे सगळ्यांना पाठ. १९३६ साली, खेळायच्या वयात, तिला सिनेमात घातलं ते घर चालावं म्हणून. साळगावकरांच्या रतनची हंसा वाडकर झाली. पोरीनं मिळवायचं, घरानं खायचं. लग्न झाल्यावर खाणारं घर तेवढं बदललं. हे पुस्तकात आहेच. तू बोट ठेवलंस म्हणून दिसलं.

मराठवाड्यातल्या खेड्याचा भाग आला तेव्हा मात्र तू गप्प झालीस. ज्याच्या भरवशावर घर सोडलं त्याच्याच वाड्यात नाव गाजलेल्या नटीला उंबरा ओलांडायची चोरी. ते पान तू मागे जाऊन पुन्हा वाचलंस, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. मग म्हणालीस, “म्हणजे हिला प्रेम मिळालंच नाही?” नटनट्यांच्या आत्मचरित्रात शेवटी कुणीतरी समजून घेणारं भेटतं आणि झोपाळ्यावरचा जोडीनं फोटो असतो. इथे तसा फोटो नाही. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

तुझ्या पैशाच्या प्रश्नावरून मला दुर्गा खोटे आठवल्या. त्यासुद्धा १९३१ साली सिनेमात आल्या त्या संसाराला पैसा हवा म्हणूनच. पहिल्या सिनेमावरून बोलणी त्यांनीही खाल्ली. पण त्या लाड आडनावाच्या श्रीमंत घरातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती आली आणि लोक मानानं ‘दुर्गाबाई’ म्हणायला लागले. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो रास्तच होता. हंसाबाईंच्या मागे कलावंतिणींचं घराणं. त्यांच्या वाट्याला शेवटपर्यंत ‘ती हंसा’च आलं. धंदा तोच, कॅमेरा तोच. मला याचा राग येतो, आणि या वयात राग आला की बरं वाटतं.

नवा चष्मा आलाय. हे पत्र मीच लिहिलंय, मीच वाचून पाहिलंय, तेव्हा तुझी खरं तर गरज उरलेली नाही. तरी परीक्षा आटपली की ये. ‘मी दुर्गा खोटे’ वरच्या फळीवर आहे. या खेपेला सगळ्यात पातळ मिळणार नाही, ते मनाशी धरूनच ये.

तुझी,
शेजारची काकू