तुमच्या अ‍ॅपने स्मॉलमाउथ माशाला लार्जमाउथ ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक

आज तिसरा फोन. 25 मिनिटं तुमचं गाणं ऐकलं, मग तुमच्या पुण्याच्या ऑफिसातला मुलगा बोलला. ऑफिस पुण्याचं, म्हणून पत्र मराठीत.

गेल्या शनिवारी मिशिगनच्या लेक सेंट क्लेअरवर 4 पौंडांचा बास मासा गळाला लागला. खडकाळ तळ, नितळ पाणी. अंग तपकिरी, त्यावर उभे पट्टे, डोळा लालसर, पाठीवरचा पर सलग, मधली खाच उथळ. तोंड मिटल्यावर जबडा डोळ्याच्या मध्याशीच थांबतो. म्हणजे स्मॉलमाउथ जातीचा बास. लार्जमाउथ हिरवट, त्याच्या कुशीवर आडवा काळा पट्टा, पाठीवरच्या पराचे जवळजवळ दोन तुकडे आणि जबडा डोळ्याच्याही मागे जाणारा. हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? तुमच्याच अ‍ॅपच्या मदतीच्या पानावर आहे!

तरी फोटो बघून अ‍ॅप म्हणतं लार्जमाउथ, खात्री 94 टक्के. नोंद बदलता येत नाही. मासा मी तिथेच पाण्यात सोडला, त्यामुळे आमच्या मित्रमंडळींच्या स्मॉलमाउथ स्पर्धेत माझ्या नावापुढे भोपळा.

आता आजचा संवाद.
"काका, फोटोत तोंड बघा ना केवढं मोठं दिसतंय."
"अरे, खालचा ओठ धरून उचललाय, तोंड उघडंच असणार. जबडा बघायचा तो तोंड मिटलेलं असताना."
"पण काका, नावातच लार्ज माउथ आहे."
मी म्हटलं, दंतवैद्यापुढे आ केलास म्हणून तुझं आडनाव बदलतं का? त्यावर शांतता. मग म्हणतो, "पुढच्या वेळी तोंड मिटून फोटो काढा."
कोणाचं, हे विचारेपर्यंत फोन बंद.

तोंड मिटलेला फोटो आहे माझ्याकडे, मोजपट्टीवर ठेवून काढलेला. तुमचं अ‍ॅप एकच फोटो घेतं, आणि घेतलेला बदलू देत नाही. नोंदही बदलू देत नाही, हे वर लिहिलंच आहे.

नोंद दुरुस्त करा आणि वर्षाचे 40 डॉलर परत करा. 10 दिवसांत झालं नाही तर कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत घेईन. वाईट एवढंच वाटतं की हे अ‍ॅप चौघा मित्रांना मीच घ्यायला लावलं. ते आता मला लार्जमाउथ म्हणून हाक मारतात.

सोबत दोन फोटो. दुसऱ्यात तोंड मिटलेलं आहे. माशाचं.

तुमचा (31 तारखेपर्यंतचा) ग्राहक