पंखा चालू होता, पण हवा पोचत होती का?

संपादक साहेब,

भूमिगत खाणीत स्फोट झाला की पेपरात किती गेले, किती अडकले ते येतं, चौकशी समिती नेमल्याचं येतं आणि मग कुणीतरी सांगतं की पंखा तर चालूच होता. मी बरीच वर्षं खाली काढलीत म्हणून सांगतो, वर पंखा फिरतोय यावरून खाली हवा पोचतेय असं धरून चालता येत नाही.

ताजी हवा जायच्या आणि खराब हवा परतायच्या वाटेमधे दोन दरवाजे असतात, एक लागल्याशिवाय दुसरा उघडायचा नसतो. पण गाड्यांची ये-जा वाढली की कुणीतरी दाराखाली लाकडाचा ठोकळा सरकवतं, दोनच मिनिटं म्हणून, आणि तो शिफ्ट संपेपर्यंत तिथंच राहतो. दोन्ही दारं उघडी म्हणजे हवा मधूनच परत वळते, फेसवर, म्हणजे जिथं कोळसा कापतात तिथं, जातच नाही. मेन फॅनचा आवाज तसाच, फक्त मानेवर लागणारी झुळूक थांबलेली. जुन्या माणसाला ते लगेच जाणवतं, नवीन पोरांना नाही.

कोळशातून सुटणाऱ्या मिथेन गॅसला ना रंग ना वास, हलका असल्यामुळे छताला थर धरून बसतो, मग कमरेपाशी मीटर धरून गॅस नाही लिहिण्यात काय अर्थ! हवेत 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. मोठा पंखा बसवा म्हणणाऱ्यांना सांगायचंय की त्याच वाटांतून दुप्पट हवा ढकलायला साधारण आठपट पावर लागते, त्याआधी हवा गळणाऱ्या भिंती लिंपा, परतीच्या वाटेतली पडझड उपसा.

2010 साली न्यूझीलंडच्या पाईक रिव्हर खाणीत 29 जण गेले, तिथं मेन फॅनच जमिनीखाली बसवला होता, स्फोटात तोही गेला.

पंखा बंद पडला तर आधी माणसं बाहेर, आणि तो परत सुरू झाला तरी गॅस मोजल्याशिवाय आतली वीज जोडायची नाही. घाई नेमकी इथंच होते कारण प्रॉडक्शन थांबलेलं असतं, आणि थांबा म्हणणाऱ्या ओव्हरमनलाच, म्हणजे खाली शिफ्टवर देखरेख करणाऱ्यालाच, शिव्या बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, अजून आठवलं की चीड येते.

तुमच्या बातमीदारांना विनंती, पुढच्या वेळी विचारा की त्या शिफ्टला फेसवर किती हवा मोजली, कुणी मोजली, आणि ते रजिस्टर बघायला मागा.

– एक निवृत्त खाण कर्मचारी